तिसरा पुकारा

१

मेव्हिस गॉफिनला वाचताना ओठ हलवायची खोड होती. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. समोरच्याने नाव सांगितलं की ते स्पष्ट आवाजात परत म्हणायचं आणि मगच जोड द्यायची, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. वाण्याकडची यादी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, थडग्यांवरची नावं, सगळं ती मोठ्याने वाचायची. आई म्हणायची, "अगं, मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

आई, म्हणजे एडा, पंच्याऐंशीची. हृदय थकलेलं. थ्रॅक्सबी गावातल्या त्या घरात खालच्या खोलीत, शेकोटीजवळ तिचा पलंग लावला होता. खाणं दोन घासांवर आलं होतं, पण जीव एका गोष्टीत अडकला होता. तिची आजी केझाया चर्चच्या उत्तरेला, जिथे ऊन येत नाही त्या बाजूला, बिनदगडाची पुरलेली होती. एडाचे आईबाप लवकर गेले. तिला वाढवलं केझायाने. त्या आजीच्या उशाशी दगड बसवायचा आणि त्यावर कोरायचं: केझाया, एमॉस थर्कटलची बायको.

अडचण एवढीच, की केझाया कोणाची बायको होती की नव्हती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ती गावात थर्कटल हे आडनाव लावून राहिली. एकटीने मुलगा वाढवला, लोकांचे कपडे धुतले. एमॉस थर्कटलला मात्र एडाच्या पिढीतल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. शाळेत पोरी एडाला 'उसन्या नावाची' म्हणायच्या. त्यांतली एक, मिसेस अटिंग, अजून शेजारीच राहत होती आणि मेव्हिस बाहेर गेली की एडाजवळ येऊन बसायची. दगडाचं कळल्यावर विणकामावरची नजर न काढता ती म्हणाली होती, "आमच्याकडे आधी लग्न, मग बाळ. तुमच्याकडे रीत वेगळी असेल."

एडाने ते गिळलं. मग लेकीला जवळ बोलावून सांगितलं, "खरं असेल तरच कोरायचं. चर्चच्या आवारात मला खोटं नको. तू शोध."

म्हणून त्या शरद ऋतूत, पाद्री प्रुएट यांच्या परवानगीने, मेव्हिस आठवड्यातून दोन दुपारी चर्चच्या बाजूच्या छोट्या खोलीत बसू लागली. एक टेबल, एक तेलाची शेगडी, भिंतीला टेकलेली लोखंडी पेटी आणि त्या पेटीत दीडदोनशे वर्षांचे जन्म, लग्नं आणि मरणं.

२

केझायाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद तिला आधी सापडली. आईचं नाव होतं. बापाचा रकाना कोरा होता. हे तिने घरी सांगितलं नाही.

लग्नांच्या वहीत काहीच नव्हतं. शेजारच्या गावांमध्येही ती जाऊन आली. बसने, पावसात, डब्यात घेतलेले सँडविच दुसऱ्याच कोणाच्या थडग्यावर बसून खात. तिथेही काही नाही. मग पाद्री म्हणाले की पुकाऱ्यांची वही पाहा. लग्न ठरलं की तीन रविवार भर प्रार्थनेत नावं पुकारायची आणि विचारायचं, कोणाची हरकत आहे का? तीनही पुकारे हरकतीविना पार पडले तरच लग्न. ही वही वेगळी असते, आणि लोक ती पाहायचं विसरतात.

त्या दुपारी बाहेर धुकं होतं. शेतांमधून बीट काढणाऱ्या यंत्राचा आवाज येत होता. मेव्हिसचं बोट एका ओळीवर थांबलं आणि सवयीप्रमाणे तिने ती मोठ्याने, स्पष्ट वाचली.

"एमॉस थर्कटल, अविवाहित, आणि केझाया लार्क, अविवाहित, दोघेही याच गावचे."

सापडले. एका ओळीत दोघं. मग तिने पुढचे रकाने पाहिले. पहिला रविवार, सही. दुसरा रविवार, सही. तिसरा रकाना रिकामा.

त्याच क्षणी आत, चर्चमध्ये, दाराची लोखंडी खिट्टी वर उचलली गेल्याचा आवाज झाला. पाठोपाठ जड कापड फरशीवरून ओढत गेल्यासारखं सरकलं, आणि एक बाक करकरलं. फुलं लावणाऱ्या बायका आल्या असतील असं समजून मेव्हिसने वही मिटली, शेगडी विझवली आणि चर्चमधून बाहेर पडताना सवयीने "शुभ दुपार" म्हटलं.

आत कोणी नव्हतं. बाकांच्या रांगा नुसत्या उभ्या होत्या. कावळे असतील मनोऱ्यात, ती मनाशी म्हणाली. जुनं लाकूड थंडीत बोलतंच.

अर्ध्या वाटेवर, दवाखान्यापाशी, तिला उमगलं की तो आवाज उत्तरेकडून आला होता. उत्तरेच्या दाराला खिट्टी नाही. खरं तर तिथे दारच नाही. कमान आहे, आणि ती विटांनी बुजवलेली आहे. तिच्या लहानपणीही ती बुजवलेलीच होती.

३

पाद्री प्रुएट कोरडे, भले गृहस्थ होते. नाकातून बोलायचे, आणि त्यांचा विनोद समजायला थोडा वेळ लागायचा. तिसरा रकाना रिकामा का, यावर ते म्हणाले की कारणं अनेक असू शकतात. नवरा पळतो, नवरी मरते, दोघं भांडतात. किंवा तिसऱ्या वेळी कोणीतरी उभं राहतं.

"उभं राहतं म्हणजे?"

"म्हणजे सांगतं, की याचं आधीच एक लग्न झालेलं आहे." ते चष्मा पुसत म्हणाले. "तुमच्या पणजीचा पुकारा अर्धवट राहिला, मिस गॉफिन. आता राहिलेला पुरा करायचा म्हटलं तरी मुदत जरा टळलीय."

मेव्हिस हसली. पण घरी परतताना मनात एकच घोळत राहिलं: आधीच एक लग्न. आईला काय सांगायचं? इतकी वर्षं ऐकलेले टोमणे खरेच होते, हे मरणाऱ्या बाईला सांगायचं?

पुढच्या खेपेला तिने ती ओळ पुन्हा काढली. आपलं वाचण्यात चुकलं असेल, तिसऱ्या रकान्यात शाई पुसट झाली असेल, अशी वेडी आशा होती. पान खिडकीकडे तिरकं धरून ती पुन्हा अक्षर अन् अक्षर वाचत गेली, आणि नावं उच्चारून झाल्यावरच तिला कळलं की आपला आवाज केवढा मोठा होता.

खिट्टी उचलली गेली.

या वेळी तिने श्वास रोखून ऐकलं. ओलं, जड कापड फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज. पावलं थेट मागच्या टोकाला गेली. बाक करकरलं आणि गप्प झालं. ती शांतता रिकाम्या जागेची नव्हती. टेलिफोनवर पलीकडे कोणी बोलत नसलं तरी ते तिथे आहे की नाही हे एक्स्चेंजच्या बायकांना कळतं. मेव्हिसने तीस वर्षं ती शांतता ऐकली होती. पलीकडे कोणीतरी वाट पाहत होतं.

तिने स्वतःला समजावलं: तुझं वय झालं, झोप नाही, आई आजारी, थंडी आहे. सगळं खरं होतं. पण त्या दिवशी ती चर्चमधून न जाता खोलीच्या छोट्या दाराने बाहेर पडली, आणि टोपी चर्चमधल्या बाकावरच राहिली तरी परत गेली नाही. दोनदा पुकारलं, एवढंच डोक्यात होतं. मी त्यांना दोनदा पुकारलं.

४

आईला चेहरे वाचता यायचे. त्या आठवड्यात तिचा श्वास आणखी आखूड झाला होता. डॉक्टर जिन्याखाली मेव्हिसला म्हणाले की आता जवळच राहा.

"तुला काहीतरी सापडलंय," आई म्हणाली. "आठवडाभर तू मला डम्पलिंगचे गोळे जास्त वाढतेयस. सांग."

मेव्हिसने सांगितलं. आवाज सोडून सगळं. बापाचा कोरा रकाना, दोन पुकारे, तिसऱ्याची रिकामी जागा. तिला वाटलं आई रडेल. पण आई हलकेच म्हणाली, "म्हणजे तेच होतं ते."

केझाया गेली तेव्हा एडा सोळाची होती. शेवटच्या रात्री म्हातारी सारखी एकच गोष्ट बडबडत होती: तिसरा राहिला. एडाला वाटलं चहाचा तिसरा कप राहिला. तिने कप आणून ओठांना लावला. म्हातारीने तोंड फिरवलं. तसाच तो कप हातात धरून एडा बसली होती आणि चहा थंड झाला होता, माणूसही.

"इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातून चहा उशिरा झाला," आई म्हणाली. मग तिने मेव्हिसचा हात धरला. तिच्या बोटांत अजून एवढी ताकद असेल असं मेव्हिसला वाटलं नव्हतं. "तू जा आणि तो पुकार. तुझा आवाज चांगला आहे. सगळे म्हणायचे."

"आई, त्याला काही अर्थ नाही. पाद्री लागतो. माणसं लागतात."

"मला ठाऊक आहे अर्थ नाही. मी कायदा मागत नाहीये. तिला एकदा ऐकू दे."

मेव्हिसने टाळायचा प्रयत्न केला. थंडी, पाऊस, तुला एकटं कसं सोडू. शेवटी मिसेस अटिंगच विणकाम घेऊन दारात आली आणि म्हणाली, "जा, मी बसते. मरणार असेल तर मला विचारल्याशिवाय मरायची नाही ती." एडा खुदकन हसली. मेव्हिसला किल्ली घेऊन निघावंच लागलं.

५

दुपारचे तीन वाजत आले असतील. आभाळ खाली आलं होतं, पण उजेड होता. राखी, सपाट उजेड, ज्यात सावल्या पडत नाहीत. पाद्री नॉर्विचला गेले होते.

तिने आधी उत्तरेच्या कमानीकडे जाऊन विटांना हात लावला. थंड, घट्ट, चुन्याने लिंपलेल्या. बरं वाटलं. मग मागच्या बाकांमधून फिरली. आपली टोपी घेतली. प्रार्थनेची पुस्तकं सारखी लावली. आपण वेळ काढतोय हे तिचं तिला कळत होतं.

शेवटी ती वाचनाच्या उंच मेजामागे जाऊन उभी राहिली. वही उघडली. गरज नव्हती, ओळ तोंडपाठ होती. पण हातांना काहीतरी हवं होतं.

"एमॉस थर्कटल, अविवाहित, आणि केझाया लार्क, अविवाहित, दोघेही याच गावचे. यांच्या विवाहाचा पुकारा मी करते आहे. हा विवाह होऊ नये असं योग्य कारण किंवा अडथळा तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगावा. हा तिसरा पुकारा."

तिचा आवाज दगडी भिंतींवर जाऊन परत आला. खिट्टी उचलली गेली नाही. पावलं वाजली नाहीत. मेव्हिसने सुटकेचा श्वास सोडला. त्या सुटकेत थोडी निराशाही होती, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. तिला वाटलं होतं निदान केझाया तरी येईल.

आणि मग तिला समजलं की पावलं वाजली नाहीत, कारण येणारं आधीच येऊन बसलेलं होतं.

मागचं बाक करकरलं. खांबाआडून काहीतरी काळं हळूहळू उंच होत गेलं. उभं राहणाऱ्या माणसाला घाई नसते तेव्हा ते उठतं तसं. एका जुन्या टोपीची काळी फीत. चेहऱ्याची एक कड, गाल आणि जबडा, तरुण बाईचा. फीत हनुवटीखाली कातडीत रुतेल इतकी घट्ट बांधली होती. कड वळली. ती बोलणार होती. तिचं तोंड उघडताना दिसलं.

"कोणाची हरकत नाही," मेव्हिस म्हणाली.

मोठ्याने म्हणाली, एक्स्चेंजच्या त्या ठाम, सभ्य आवाजात, ज्यात ती कधीकाळी नको असलेले फोन तोडायची. वही मिटली. आणि डोळे खाली घालून, फरशीचे दगड पाहत, ती चर्चमधून बाहेर आली. कुलूप लावायचं राहिलं. पावसातून घरापर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मागे पाहिलं नाही म्हणून काही ऐकू आलं नाही असं नव्हे.

६

मिसेस अटिंग चहाला पाणी ठेवायला स्वयंपाकघरात गेली होती. आई उशीला टेकून बसली होती, डोळे उघडे, गालावर थोडा रंग.

"पुकारलंस?"

"हो."

"कोणी उठलं का?"

"नाही आई. कोणी नाही. झालं आता. पाथरवटाला उद्या कळवते."

आईने डोळे मिटले. मेव्हिसला वाटलं, हे एवढं देता आलं, पुरे झालं. खोटं असलं तर ते माझ्या माथी. पण आईने डोळे उघडले तेव्हा ती मेव्हिसकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून, दाराकडे पाहत होती.

"मग ही कोण?" आईने विचारलं. घाबरून नव्हे, पाहुण्यांच्या देखत पोरीला दटावावं तसं. "भिजलीय बिचारी. खुर्ची दे तिला."

मेव्हिस वळली. दार होतं, दारातून दिसणारा अंधारा बोळ होता आणि खुंटीवर तिचाच कोट निथळत होता. आजारी माणसाला दिसतं काहीबाही, तिची बुद्धी म्हणाली. तरी तिने वेताची खुर्ची उचलून दारापाशी ठेवली.

आईने दाराकडे कान दिला. "बसत नाही म्हणते," ती शेवटी म्हणाली. "तिला मध्येच गप्प केलं म्हणते."

मेव्हिस पलंगाच्या कडेवर बसली. आईने तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"दगडावर बायको नको," आई म्हणाली. "नुसतं नाव कोर."

"आई, तू आयुष्यभर याचीच वाट पाहिलीस."

"पाहिली. माझ्या आजीसाठी मी होते, माझ्यानंतर तू आहेस. हिच्यासाठी कोण हिंडलं गं पावसात?" तिला धाप लागली. ती शांत झाल्यावर म्हणाली, "आजीवर माझा राग नाही. तिलाही फसवलंच त्याने. पण त्याची बायको ही होती. हिचं होतं ते हिचंच."

मिसेस अटिंग ट्रे घेऊन आली ती दारातच थबकली, आणि वाटेत खुर्ची कोणी ठेवली म्हणून कुरकुरत, उगाचच लांबून वळसा घालून आत आली. खुर्ची सोडली तर तिथे एवढा वळसा घालण्याइतकं काहीच नव्हतं. तिलाही ते कळलं असावं. तिने दाराकडे पाठ करून चहा ओतला.

७

एडा नाताळाच्या आधी गेली. सकाळी, मेव्हिस तिचे केस विंचरत असताना. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणणाऱ्यांना शेकोटी पेटवावी लागली.

दगड नव्या वर्षात बसला. त्यावर केझाया हे नाव आहे, दोन सालं आहेत आणि दुसरं काही नाही. लोक पाहून गेले. मिसेस अटिंगही काठी टेकत आली, बराच वेळ ते एकच नाव वाचत उभी राहिली. मेव्हिसने मन घट्ट केलं. पण म्हातारीने टोमणा मारला नाही. पिशवीतून जॅमच्या बरणीत खोचलेली शेवंतीची फुलं काढली, दगडाशी ठेवली आणि म्हणाली, "शाळेत एडाला सगळ्यात आधी मीच चिडवलं होतं." मग ती गेली.

मेव्हिसला वाटलं होतं, खरं मान्य केलं की संपेल. संपलं नाही. तिने दारातली खुर्ची उचलून आत ठेवली आणि त्या रात्री झोप लागेना म्हणून परत तिथेच नेऊन ठेवली. घरात काही दिसत नव्हतं. फक्त घर रिकामं वाटत नव्हतं, आणि आई गेलेल्या घरात रिकामं न वाटणं हे मेव्हिसला रिकामपणापेक्षा जड जात होतं. ती कधीकधी दाराशी जाऊन म्हणायची, "चुकलं माझं. बोल तू आता." पण त्या बाईला ऐकणारं जे कोणी हवं होतं ते मेव्हिस नव्हती. जे सांगायचं ते चर्चमध्ये, सगळ्यांसमोर सांगायचं होतं. ती संधी एकदाच आली होती, आणि ती मेव्हिसने तोडली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पाद्री प्रुएट यांनी खाटकाच्या मुलीचा आणि एका लॉरीवाल्याचा पहिला पुकारा केला. मेव्हिस मागच्या बाकावर एकटीच बसली होती; आई गेल्यापासून ती मागेच बसायची. पुढे कोणीतरी खोकलं. पाद्र्यांनी नाकातल्या आवाजात नावं वाचली आणि विचारलं, कोणाला अडथळा ठाऊक आहे का?

आणि ती थांबलेली घटका आली, जेव्हा सगळं चर्च उगाच श्वास धरून बसतं.

मेव्हिसला बाक हललेलं जाणवलं. शेजारी बसलेलं माणूस उठताना फळी हलकी होते तशी तिच्याखालची फळी हलकी झाली. समोर ती कोवळी पोर, नव्या टोपीत, लाजून मान खाली घातलेली. हिचा काय दोष? हा तो पुकारा नव्हे गं, बाई. ही ती माणसं नव्हेत. मेव्हिसने मान वळवली नाही. नुसता हात बाजूला नेला, उठणाऱ्या बाईचा हात धरून तिला खाली बसवायला.

जो हात सापडला तो बाईचा नव्हता. तो फार खाली होता, बाकाच्या कडेशी. एवढासा, थंडगार, लोकरी हातमोज्यातला. चार-पाच वर्षांच्या मुलाचा. त्या आधीच्या लग्नाचं पोरही होतं तर. सगळी उभी राहिली की मुलं ज्याचं सापडेल त्याचं बोट धरतात, तसं त्याने तिचं बोट मुठीत धरलं.

पाद्र्यांनी पुढचं स्तोत्र सांगितलं. ऑर्गन वाजू लागला. सगळे उठले. मेव्हिस बसून राहिली, समोरच्या बाकाच्या पाठीकडे पाहत, आणि बोट सोडवून घ्यावं असं तिला वाटलं नाही.